आधी लिटर मोजा, मग डोकी

प्रति,
संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत बसणारे सर्व प्रतिनिधी,
आणि आपापल्या देशात इंधनावरचा कर ठरवणारी अर्थखाती

विषय : डिझेलची भाववाढ, पर्यावरण, आणि दर वेळी मध्येच आणली जाणारी लोकसंख्या

स.न.वि.वि.

मी इंजिनातले डिझेलचे पंप आणि नोझल (इंजिनात डिझेलचा फवारा सोडणारी तोटी) दुरुस्त करणारा मिस्त्री आहे. सत्तावीस वर्षं झाली. ट्रक, ट्रॅक्टर, मासेमारीच्या बोटी, पाणी उपसणारी इंजिनं, जनरेटर, काहीही असो, बिघडलं की त्याचा पंप सुटून माझ्या टेबलावर येतो. माझं पोट डिझेलवर आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको. पण डिझेल कायम राहावं म्हणून हे पत्र लिहीत नाही. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ साली जाहीर केलं, तेव्हा आमच्यापैकी फारसं कुणी चकित झालं नाही. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते उस्ताद शेवटची चार वर्षं एक जिना धड चढू शकत नव्हते. त्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती. त्यामुळे डिझेल गेलं तर मी रडणार नाही. ते कुणाच्या खिशातून काढून न्यायचं, एवढ्यावरच माझं भांडण आहे.

पत्राला निमित्त झालं ब्राझीलमधल्या बेलेमला भरलेल्या तुमच्या परिषदेचं. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईला तुम्हीच लिहून दिलंत की खनिज इंधनांपासून दूर जायचं, आणि तेही न्याय्य आणि सुव्यवस्थित रीतीनं. तुमची पहिली परिषद १९९५ साली बर्लिनला भरली होती. हे एक वाक्य लिहायला अठ्ठावीस वर्षं लागली. असो, लिहिलंत तरी. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमला ऐंशीहून अधिक देश म्हणाले, आता ती वाट कशी चालायची त्याचा आराखडा करा. आराखडा तर झाला नाहीच, अंतिम ठरावात खनिज इंधनांचा उघड उल्लेखही उरला नाही. तुमच्या कागदावरून तेल असं पुसलं गेलं. डिझेल भरताना जो मीटर फिरतो त्यावरून मात्र ते पुसलं जात नाही. तिथं कर वाढतो, अनुदान काढलं जातं, आणि का म्हणून विचारलं की 'पर्यावरण' हा शब्द समोर येतो. आणखी विचारलं तर 'लोकसंख्या'. त्या शब्दानंतर सगळे मान डोलावतात आणि चर्चा बंद होते. मला हे गप्प बसून ऐकवत नाही, म्हणून माझ्या तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार माझ्या टेबलावरची आहे आणि तिला मी जरा वेळ घेणार आहे, कारण ती तुमच्या अहवालांत सापडत नाही.

नोझल तपासायचं एक साधं यंत्र असतं. नोझल त्यावर बसवायचं, खाली वाटी धरायची आणि दांडा दाबायचा. नोझल चांगलं असेल तर किर्र असा बारीक आवाज येतो, टोकातून धुकं सुटतं आणि हात थांबवला की टोक कोरडंठाक. बिघडलेलं असेल तर आवाजच येत नाही. टोकावर ओल धरते, थेंब जमतो, लोंबतो आणि पडतो. आम्ही म्हणतो, नोझल टपकतंय. तो थेंब इंजिनात पूर्ण जळत नाही. काळा धूर होऊन मागच्या माणसाच्या तोंडावर जातो, आणि मालकाला वाटतं हल्ली गाडी फार पिते.

हे दुरुस्त करायला एक दिवस पुरतो. खर्च म्हणाल तर वाया जाणाऱ्या डिझेलमधून काही आठवड्यांत वसूल होतो. पण डिझेलचा भाव चढला की माझ्याकडे येणाऱ्या गाड्या कमी होतात. हे मी सत्तावीस वर्षांत इतक्या वेळा पाहिलंय की बाहेर भाव किती झाला ते मी टेबलाकडे बघून सांगू शकतो. ज्याला रोजची फेरी मारायचीच आहे तो डिझेल टाळू शकत नाही, म्हणून तो जे टाळता येतं ते टाळतो. आधी फिल्टर बदलणं लांबतं. मग ऑइल. मग नोझल. 'मिस्त्री, पुढच्या खेपेला बघू.' पुढची खेप येते तेव्हा नोझलच्या जोडीला पिस्टनही गेलेला असतो. काही जण त्याही पुढे जातात आणि डिझेलमध्ये रॉकेल मिसळतात. पंपातला प्लंजर (डिझेल दाबून पुढे ढकलणारा दांडा) आणि त्याची नळी यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते, डोक्याचा केस तिच्या वीस-तीस पट जाड. तिथं वंगणाचं काम डिझेलच करतं, आणि रॉकेलला तेवढा चिकटपणा नसतो. पंप उघडला की प्लंजरवर उभे ओरखडे दिसतात. ते पाहिल्यावर मालकाला काही विचारावं लागत नाही.

तुमच्या गणितात भाव वाढला की वापर घटतो. ज्याला दुसरी सोय आहे त्याचा घटतोही. ज्याला नाही त्याचं इंजिन फक्त जास्त घाण होतं. दिवसाला तेवढंच अंतर, तेवढंच पाणी, तेवढंच नांगरणं, आणि वर धूर जास्त. पर्यावरणाच्या नावानं लावलेला कर अशा रीतीनं पर्यावरणावरच उलटतो.

मला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आकडा ऐकवला जातो. २०२२ साली जगभरात खनिज इंधनांवरचं अनुदान ७ लाख कोटी डॉलर होतं म्हणे. मी तो आकडा उलगडून पाहिला. त्यात सरकारांनी भाव कमी ठेवायला खरोखर दिलेलं अनुदान १.३ लाख कोटींचं. बाकीचा मोठा भाग म्हणजे हवा, आरोग्य, तापमान यांचं जे नुकसान होतं आणि जे भावात धरलं जात नाही त्याची किंमत. त्या हिशोबानं डिझेल आजही स्वस्तच आहे. मान्य. माझे उस्ताद त्याच नुकसानीच्या खात्यात गेले. पण नुकसानीचं बिल फाडताना सगळ्यात आधी सोपं गिऱ्हाईक का गाठता?

हीच दुसरी तक्रार. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. (लिटरचं वजनच किलोला कमी, मग अडीच किलोच्या वर कसं, असं माझा पोरगा विचारायचा. बाकीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) विमानाचं इंधन म्हणजे आमच्या रॉकेलचंच भावंड, ते जाळूनही साधारण तेवढाच होतो. पण १९४४ च्या शिकागो करारापासून आणि पुढे देशादेशांनी आपसांत केलेल्या करारांमुळे, आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर बहुतेक ठिकाणी करच नाही. समुद्रापार जाणाऱ्या जहाजांच्या तेलाचंही तसंच. जहाजांच्या धुरावर जागतिक दर लावायचा प्रस्ताव एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत मंजुरीपर्यंत पोचला होता. ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं, तर ते वर्षभर पुढे ढकललं. म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल हवामानाला बाधतं आणि खासगी विमानाचं इंधन बाधत नाही. तुमच्या परिषदांना कोण कशानं येतं ते मी मोजत बसत नाही, पण लोक मोजतात.

तिसरी तक्रार शब्द फिरवण्याची. डिझेल घ्या असं सांगितलं होतं कुणी? युरोपात नव्वदच्या दशकापासून सरकारांनीच डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर ठेवला, कारण त्याच अंतराला कार्बन थोडा कमी निघतो. लोकांनी ऐकलं. २०११ च्या सुमारास तिथल्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. २०१५ साली उघड झालं की फोक्सवॅगननं सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलं होतं की गाडी तपासणीत शहाण्यासारखी वागायची आणि रस्त्यावर मनाला येईल तसा धूर सोडायची. मग शहरांनी जुन्या डिझेल गाड्यांना दारं बंद केली. ज्यांनी तुमचं ऐकून गाडी घेतली होती, त्यांच्या हातात उरलं एक बिनकिमतीचं लोखंड.

आणि ते लोखंड जातं कुठं? संयुक्त राष्ट्रांच्याच पर्यावरण कार्यक्रमानं २०२० साली सांगितलं की २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य गरीब नि मध्यम उत्पन्नाच्या देशांत पोचल्या. अशा गाड्या मी उघडल्या आहेत. धूर गाळणारा फिल्टर आतून फोडून पोकळ केलेला, सेन्सरची वायर कापून इलेक्ट्रॉनिक्सची फसवणूक करणारी चिप लावलेली. एका देशाच्या आकड्यांतून धूर वजा झाला, दुसऱ्याच्या फुफ्फुसांत जमा झाला. मग त्याच दुसऱ्या देशाला सांगायचं, तुमची लोकसंख्या फार, म्हणून तुमची हवा वाईट.

आता या लोकसंख्येकडे येतो. ही चौथी तक्रार, आणि पत्र लिहायला बसलो ते खरं हिच्यामुळे.

मी हिशोबाचा माणूस आहे. एकूण धूर म्हणजे डोकी गुणिले दर डोई जळणारं इंधन, हे मला कळतं. गुणाकारात दोन्ही आकडे लागतात. म्हणून लोकसंख्येचा प्रश्नच नाही, असं मी म्हणत नाही. पाणी, जमीन, शाळा, दवाखाने, सगळीकडे माणसं मोजावीच लागतात. पण मग दोन्ही आकडे टेबलावर ठेवा. नायजर किंवा चाडसारख्या देशांत, जिथं लोकसंख्या सर्वांत वेगानं वाढते आहे, माणशी वर्षाचा कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.१ टन. माझ्या भाषेत सांगायचं तर अडतीस लिटर डिझेलएवढा. अमेरिकेत तो माणशी सुमारे १४ टन, म्हणजे पाच हजारांवर लिटर. एकशे चाळीस पट. आणि डोकी किती वाढणार? १५ नोव्हेंबर २०२२ ला संयुक्त राष्ट्रांनी जगाची आठशे कोटी माणसं पुरी झाल्याचं जाहीर केलं. त्यांचाच २०२४ चा अंदाज सांगतो की २०८० च्या दशकात हा आकडा साधारण १०३० कोटींवर जाऊन थांबेल आणि मग उतरेल. म्हणजे साठ वर्षांत सव्वापट. ज्या गुणाकारात एक आकडा सव्वापट व्हायचा आहे आणि दुसऱ्यात एकशे चाळीस पटींचा फरक आजच पडलेला आहे, तिथं चूक शोधायला आधी कुठं बघायचं, हे माझ्याकडे शिकायला येणारं पोरही सांगेल.

देशादेशांतली तुलनासुद्धा अर्धीच. गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या ऑक्सफॅम या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०१९ साली जगातल्या सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांनी १६ टक्के कार्बन सोडला, तळातल्या ६६ टक्क्यांनी मिळून सोडला तेवढाच. हा एक टक्का उद्या निपुत्रिक राहिला तरी त्याचं विमान उडतच राहणार.

आणि माणसं कमी कशानं होतात, हेही आता कोडं राहिलेलं नाही. १९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे डॉ. करण सिंह म्हणाले होते की विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक. खुद्द भारतात पुढच्या दोन-तीन वर्षांत आणीबाणीतली सक्तीची नसबंदी झाली, हा त्यातला कडू भाग. १९९४ च्या कैरो परिषदेत जगानं मान्य केलं की लक्ष्यं ठरवून माणसं हाकायची नाहीत, बाईच्या हातात निर्णय द्यायचा. साठच्या दशकात बाईमागे सरासरी पाच मुलं होती, आज सव्वादोन आहेत. मुलींच्या शाळेनं, दवाखान्यानं, बाळं जगायला लागल्यानं हे घडलं. गंमत पाहा, त्या दवाखान्यात लस थंड ठेवणारा जनरेटर बऱ्याच ठिकाणी अजून डिझेलवरच चालतो. ते डिझेल महाग करून तुम्ही जन्मदर खाली आणणार आहात का?

पाचवी तक्रार छोटी. कच्चं तेल चढलं की डिझेलचा भाव माकडासारखा चढतो, आणि तेल उतरलं की गोगलगायीसारखा उतरतो. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा एक दिवस शून्याखाली गेला होता. त्या आठवड्यात कुणी कुणाला टाकी फुकट भरून दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता मागण्या. यांतल्या काही कुठं ना कुठं करून पाहिलेल्या आहेत, म्हणून अशक्य म्हणू नका.

एक. करवसुलीचा क्रम उलटा करा. ज्यांना पर्याय आहे त्यांच्यापासून सुरुवात होऊ द्या. आंतरराष्ट्रीय विमानांचं इंधन आणि जहाजांचं तेल यांवरची माफी आधी काढा, खासगी विमानांना पहिल्या रांगेत बसवा. लांबणीवर टाकलेला सागरी प्रस्ताव पुन्हा टेबलावर आणा. हे झाल्यावर आमच्याकडे या, आम्ही दार बंद करणार नाही.

दोन. डिझेलवर पर्यावरणाच्या नावानं जो पैसा घ्याल तो परत कुठं गेला ते दाखवा, आणि भाव वाढायच्या आधी दाखवा. डिसेंबर २०१० मध्ये इराणनं इंधनाचे भाव वाढवण्याआधी घराघराच्या खात्यात पैसे टाकले होते. पुढे महागाईनं त्या पैशांची किंमत खाल्ली, कारण रक्कम भावाबरोबर वाढवली नाही. तेवढी चूक टाळा. उलट २०१८ मध्ये फ्रान्सनं काय केलं? वर्षाच्या सुरुवातीला संपत्तीकर काढून फक्त स्थावर मालमत्तेवर ठेवला, आणि पुढच्या जानेवारीपासून डिझेलवर लिटरमागे साडेसहा सेंट जादा लावायचं ठरवलं. १७ नोव्हेंबरला लोक पिवळी जाकिटं घालून चौकाचौकांत उभे राहिले. ती जाकिटं गाडीत ठेवायची सक्ती सरकारनंच २००८ साली केली होती. डिसेंबरात करवाढ मागे घ्यावी लागली. इक्वेडोरनं २०१९ मध्ये हेच पाहिलं, दोन आठवड्यांच्या आत अनुदान काढण्याचा आदेश मागे घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये डिझेलचं अनुदान एका झटक्यात काढून पुन्हा तिथंच येऊन उभा राहिला. हे लोक हवामानाचे शत्रू नव्हते. त्यांना फक्त आधी कुणी विचारलं नव्हतं.

तीन. पर्याय आधी, तारीख मागून. ओझोनसाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियलला करार झाला तो टिकला, कारण रसायन बंद करण्याबरोबर बदली रसायन होतं आणि गरीब देशांच्या कारखान्यांसाठी वेगळा निधी उभा केला. आज बॅटऱ्या २०१० च्या मानानं कितीतरी पटींनी स्वस्त झाल्या आहेत, पाणी उपसायला सौर पंप आहेत. छोट्या मालकाला ते घ्यायला कर्ज कोण देणार, आणि जुनं इंजिन मोडीत काढायला पैसे कोण देणार? बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये तुम्ही विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभे करायचं कबूल केलंत. त्यातला किती भाग इंजिन बदलायला मिळेल, तो आकडा लिहून द्या. आणि तोवर जी इंजिनं चालणार आहेत त्यांची नोझल, फिल्टर, पंप तपासणी फुकट किंवा नाममात्र दरात करा. धूर कमी करायचा इतका स्वस्त मार्ग मला दुसरा माहीत नाही. (यात माझा धंदा होतो हे कबूल. म्हणून दर तुम्हीच ठरवा.)

चार. जी गाडी तुमच्या शहरात चालवायला बंदी आहे ती दुसऱ्याच्या देशात विकायलाही बंदी असू द्या. गंधक काढलेलं डिझेल सगळीकडे एकाच मापाचं असावं. युरोपात दहा लाख भागांत दहा भाग गंधकाची मर्यादा आहे. दुसरीकडच्या फुफ्फुसांना वेगळं माप का?

पाच. लोकसंख्या आणि इंधन यांची खाती वेगळी करा. गर्भनिरोधकं हवी असून मिळत नाहीत अशा कोट्यवधी बाया जगात आहेत. त्यांना ती द्या, ती त्यांची गरज आहे म्हणून. कार्बनच्या वहीत त्यांची नावं जमा करू नका. यापुढे तुमच्या कुठल्याही भाषणात 'वाढती लोकसंख्या' हे शब्द आले, तर त्याच वाक्यात बोलणाऱ्याच्या देशात माणशी किती लिटर जळतं तो आकडाही यावा. एवढा नियम केलात तरी बरीच भाषणं आखूड होतील.

या पाचांची उत्तरं मला खासगीत नकोत. पुढच्या परिषदेत सभागृहात, नोंद होईल अशी द्यावीत. माझ्या टेबलावर सध्या एका बोटीचा पंप उघडा पडलाय, मालक तीन महिने उशिरा आलाय, आणि प्लंजरवर ओरखडे आहेत.

कळावे.

आपला,
एक डिझेल-पंप मिस्त्री